गॅस जातो कुठे?

विदर्भात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असते: गारवा हवा तर काहीतरी भरावं लागतं. मार्च लागला की माठ येतो, त्यात रोज पाणी भरायचं. मग गच्चीवरचा कूलर खाली उतरतो, त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, संध्याकाळी नळी लावून टाकी भरायची. कोणी विसरलं तर रात्री बाराच्या सुमारास कूलर कोरडी, धुळकट हवा फेकायला लागतो आणि अंधारातच चौकशी सुरू होते, आज पाण्याची पाळी कोणाची होती? पाणी संपतं, ते पुन्हा भरायचं. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही, आमच्या उन्हाळ्याचा हिशोबच तो आहे.

हाच हिशोब आम्ही गाडीच्या एसीलाही लावून टाकला. एप्रिल सरता सरता गाडीतली हवा गार न वाटता नुसती 'बरी' वाटायला लागली, की कोणालाही विचारा, उत्तर एकच येतं: गॅस संपला असेल, भरून घे. रस्त्याकडेच्या पाट्यांवरही तेच लिहिलेलं असतं, 'एसी गॅस भरून मिळेल'. चकचकीत सर्व्हिस सेंटरात गेलं तर तिथला टाय लावलेला मुलगा आधी माझ्यामागे बघतो (साहेब आले नाहीत का, हा प्रश्न त्याच्या डोळ्यांत असतो), आणि मग उन्हाळी पॅकेजचा कागद पुढे करतो. त्यात सुगंधी फेस मारणं असतं, व्हेंट पुसणं असतं आणि 'गॅस टॉप-अप' तर असतोच. गॅस कमी का झाला, हा प्रश्न त्या कागदावर कुठेच नसतो.

कामठी रोडच्या एका आतल्या गल्लीत मात्र एक गृहस्थ आहेत, ज्यांना 'गॅस भरून द्या' हे वाक्य सोसत नाही. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. कडुनिंबाच्या सावलीत जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी जागा, एक टेबल, त्यावर गेजचा संच आणि चहाचे ग्लास. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मीही तेच वाक्य म्हटलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"गॅस काही पेट्रोल नाही ना ताई, जळाले," ते म्हणाले. "बंद नळ्यांतली चीज आहे. कमी झाली म्हणजे कुठून तरी गेली. कुठून गेली ते पहिले पाहू, मंग भरू."

माठ गार कसा करतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पाणी मातीतून झिरपतं, वाफ होऊन उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. गाडीचा एसी याहून वेगळं काही करत नाही. माठातली वाफ हवेत गेली ती गेली. एसीतली वाफ पकडून, दाबून, पुन्हा द्रव करून परत आणली जाते, एवढाच काय तो फरक. डॅशबोर्डच्या मागे कूलिंग कॉइल असते. तिच्यात शिरणारा आर-१३४ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. कॉइलच्या आत त्याच्यावर दाब थोडा जास्त असतो, पण तिथेही तो पाण्याच्या गोठणबिंदूच्या आसपास उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून घेतो. मग इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कंप्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता रस्त्यावर टाकून पुन्हा द्रव होतो, ड्रायरमधून गाळून निघतो, एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकातून कॉइलमध्ये परत येतो. लहान गाडीत हा ऐवज असतो चारशे-पाचशे ग्रॅम. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. तेवढेच ग्रॅम वर्षानुवर्षं गोल फिरतात.

अजिबात कमी होत नाहीत असं मात्र नाही. रबरी नळ्यांतून, कंप्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून थोडं थोडं झिरपतंच. आठ-दहा वर्षांच्या गाडीत गॅस हळूहळू उतरला तर नवल नाही. पण गेल्या मेमध्ये भरलेला या मेमध्ये नसेल, तर कुठेतरी भोक आहे आणि भोक शोधणं हेच एसीचं खरं काम आहे. बाकीची सगळी झाडपूस.

उस्तादांचं शोधणं धुळीपासून सुरू होतं. गॅस एकटा बाहेर पडत नाही, कंप्रेसरला वंगण म्हणून जे तेल गॅसबरोबर फिरत असतं ते थेंबाथेंबाने सोबत घेऊन येतो. तेलावर धूळ चिकटते. त्यामुळे सगळ्या नळ्यांवर आमच्याकडची करडी, कोरडी धूळ असताना एखाद्या जोडावर मात्र काळपट, ओलसर वर्तुळ दिसतं. ते टॉर्च घेऊन, जवळजवळ नाक लावून, प्रत्येक जोड बघत जातात. कंडेन्सरच्या जाळीत चिलटं आणि काळ्या मातीचा थर असतो, तो पाण्याने सोडवतात. तिथे एखाद्या खड्याने टोचा मारलेला असेल तर तोही दिसतो. मग साबणाचा फेस. माझ्या गाडीत फेस कुठे फुगला, तर गॅस भरायच्या तोंडाशी. सायकलच्या ट्यूबला असतो तसला एक इवलासा वॉल्व्ह तिथे असतो आणि त्यावर प्लास्टिकचं टोपण. टोपण कोणीतरी कधीतरी काढलं आणि परत लावलंच नाही. वॉल्व्हच्या पोटातल्या रबरात कचरा गेला. फेसाचा एक बुडबुडा तिथे फुगला, बराच वेळ तसाच राहिला, फुटला आणि त्याच्या जागी सावकाश दुसरा आला. वर्षभर माझी गाडी अशी श्वास सोडत होती.

टोपण म्हणजे नुसतं धूळ अडवायला असतं, असं मला वाटत होतं. उस्तादांनी ते उलटं करून आतली रबरी चकती दाखवली. खरी बंदी ती करते. हे टोपण कोण हरवतं? जो घाईघाईने 'टॉप-अप' करून देतो तो. म्हणजे गॅस भरण्याच्या कामातूनच पुढच्या वर्षीच्या गॅस भरण्याची सोय होते.

वॉल्व्ह बदलायला पाच मिनिटं पुरतात. खरा वेळ जातो तो त्यानंतरच्या व्हॅक्यूमला आणि गिऱ्हाईक वैतागतं ते इथेच. निळी नळी कमी दाबाच्या बाजूला, लाल नळी जास्त दाबाच्या बाजूला, मधली पिवळी पंपाला. पंप सुरू झाला की आधी भरड आवाज येतो, मग तो हळूहळू बारीक होत जातो, कारण ओढायला आत हवाच उरत नाही. निळ्या गेजचा काटा शून्याच्या खाली उतरत उणे तीसच्या जवळ जाऊन टेकतो. टेकला की काम झालं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. हवा निघाली, पण नळ्यांच्या आतल्या अंगाला चिकटलेला ओलावा अजून तिथेच असतो. इतक्या कमी दाबाला पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन पंपाकडे येतं; पण त्याला वेळ लागतो. अर्धा तास तरी पंप चालू ठेवायचा. मग वॉल्व्ह बंद करायचे, पंप बंद करायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा जागचा हलला नाही तर नळ्या घट्ट आहेत. किंचितही वर सरकला तर पुन्हा टॉर्च, पुन्हा फेस.

ओलावा राहिला तर काय होतं? एक म्हणजे एक्स्पान्शन वॉल्व्हच्या भोकात त्याचा बर्फ होतो. एसी वीस मिनिटं छान चालतो, मग अचानक गरम हवा, गाडी थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा छान. या रोगाने भल्याभल्यांना चकवलंय. दुसरं म्हणजे ओलावा, तेल आणि गॅस मिळून आम्ल तयार होतं आणि ते आतून धातू खात बसतं. म्हणजे आज व्हॅक्यूमची वीस मिनिटं वाचवली तर दोन वर्षांनी नवं भोक मिळतं. मी त्या स्टुलावर बसून काट्याकडे बघत होते तेव्हा दोन गिऱ्हाइकं येऊन, किती वेळ लागेल विचारून, निघून गेली. उस्तादांनी त्यांना थांबवलं नाही.

भरतानाही ते गेजवर विसंबत नाहीत, सिलिंडर काट्यावर ठेवून ग्रॅम मोजतात. नागपूरच्या ४५ अंशांत गेजवरचे दाब एरवीपेक्षा चढेच दिसतात. नुसतं त्यांच्याकडे बघून भरणारा कधी कमी भरतो, कधी जास्त. आणि जास्त गॅस म्हणजे जास्त गार, असं नसतं. उलट दाब वाढतो, कंप्रेसरवर ताण येतो आणि गार कमी होतं. पण हे गिऱ्हाइकाला पटवणं कठीण. पैसे देऊन जास्त भरलेली वस्तू जास्त काम करणार नाही, हे आपल्या कुठल्याच हिशोबात बसत नाही.

व्हॅक्यूमच्या त्या रिकाम्या अर्ध्या तासात मला थॉमस मिजली या अमेरिकी संशोधकाची आठवण झाली. फ्रिजच्या पहिल्या दिवसांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले गॅस वापरत. गळती झाली की डोळे चुरचुरत, माणसं दगावतही. बर्फाच्या कारखान्याजवळून गेलं तर अमोनियाचा तो झणका आजही नाकात बसतो. १९३० साली अमेरिकेत मिजलीने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत नव्या गॅसचा एक श्वास छातीत भरून घेतला आणि तो सोडून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटत नाही, वासही नाही. हाच पुढे आर-१२ किंवा फ्रिऑन म्हणून ओळखला गेला आणि १९४०च्या मॉडेलांत जेव्हा पॅकार्ड कंपनीने एसी बसवलेली गाडी विकायला काढली, तेव्हा तो गाडीत आला. त्या पॅकार्डच्या कंप्रेसरला क्लच नव्हता. एसी नको असेल तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून, पट्टा काढायचा. आपण बटण दाबल्यावर 'टक्' असा जो आवाज ऐकतो तो क्लचचा असतो, एवढी साधी सोय त्या वेळी नव्हती.

मिजलीच्या मेणबत्तीचं कौतुक आहेच. पण मला वाटतं, गळतीकडे दुर्लक्ष करायची सवय आपल्याला त्याच दिवशी लागली. अमोनिया गळला तर आधी पळतात, मग भोक शोधतात, ते बुजवल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नाही. जो गॅस दिसत नाही, चावत नाही, वासानेही कळत नाही, तो गळाला काय आणि राहिला काय? भरला की झालं. निरुपद्रवीपणा ही त्याची मोठी सोय होती आणि त्या सोयीनेच त्याच्या मागावर कोणी गेलं नाही.

गेलं ते बऱ्याच उशिरा. जेम्स लव्हलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हवेतले अतिसूक्ष्म अंश मोजणारं एक उपकरण बनवलं होतं. १९७१-७२मध्ये ते घेऊन तो इंग्लंडहून अंटार्क्टिकाकडे जाणाऱ्या जहाजावर चढला. वाटेत जिथे जिथे मोजलं तिथे तिथे, भर समुद्रावरसुद्धा, आर-१२च्याच घराण्यातला एक गॅस सापडला. हिशोब केला तर असं दिसलं, की आजवर जेवढा तयार झाला जवळजवळ तेवढा सगळा अजून हवेतच आहे. लव्हलॉकला त्यात धोका दिसला नाही. कॅलिफोर्नियात शेरवूड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी मात्र उस्तादांचाच प्रश्न दुसऱ्या टोकाने विचारला: हा संपत नाही, तर शेवटी जातो कुठे? उत्तर १९७४ साली छापून आलं. सावकाश वर जातो, तिथे तीव्र अतिनील किरणांनी फुटतो, सुटलेलं क्लोरीन ओझोन खातं. १९८५मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड जगापुढे आलं, १९८७मध्ये असे गॅस आवरण्यासाठी माँट्रियलचा करार झाला, १९९५मध्ये या दोघांना पॉल क्रुट्झेन यांच्यासह नोबेल मिळालं. आर-१२ हवेत शंभर एक वर्षं टिकतो. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे ज्या मोजक्या गाड्यांना एसी होता, त्यांतून 'संपलेला' गॅस अजून बहुतेक वरच आहे.

त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण तो उष्णता धरून ठेवतो, शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट. माझ्या गाडीत ४५० ग्रॅम मावतो. म्हणजे तो सगळा सुटला तर ६४० किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. लिटरभर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो निघतो. गणित केलं तर हे २८० लिटर पेट्रोल भरतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. लिटरला पंधराच्या हिशोबाने या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा वेळा गाडी चालवावी, तेवढा धूर. आणि नळी उघडण्याआधी आतला गॅस वॉल्व्ह दाबून सोडून देतात, तेव्हा 'फुस्स' असा आवाज येतो आणि अर्ध्या-एक मिनिटात समृद्धीच्या सहा फेऱ्या कडुनिंबावरून निघून जातात. हा गॅस परत ओढून घेणारी, गाळून पुन्हा वापरायला देणारी यंत्रं असतात. छोट्या गॅरेजात मी तरी ती पाहिलेली नाहीत. उस्तादांकडेही नाही. गळती शोधण्यात इतका काटेकोर असणारा माणूस गॅस सोडताना मात्र तोंड फिरवून उभा राहतो, तेही नाकात जाऊ नये म्हणून. यंत्राची किंमत त्यांना पाठ आहे. ती सांगून झाली की ते चहा मागवतात.

युरोपात २०१७पासून नव्या मोटारींत १३४ए घालायला बंदी आहे. तिथे आर-१२३४वायएफ आला. हा हवेत काही दिवसांतच फुटतो, त्यामुळे उष्णता धरून ठेवण्याचा दोष जवळजवळ नाही. महाग आहे आणि थोडा पेटतोही, म्हणजे मिजलीच्या मेणबत्तीपुढे आता त्याला उभं करता येणार नाही. आपल्या देशाने माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला २०२१मध्ये मान्यता दिली. त्याप्रमाणे १३४ए आणि त्याच्या भावंडांचा वापर २०३२पासून टप्प्याटप्प्याने उतरवून २०४७पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. पण नवा गॅस फुटतो म्हणजे नाहीसा होतो असं नाही. त्यातून ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल बनतं, ते पावसाबरोबर खाली येतं आणि पाण्यात साठून राहतं, सहजी मोडत नाही. त्यावर आता अभ्यासकांचं लक्ष आहे.

दुरुस्तीतला सगळ्यात वाईट निकाल म्हणजे कूलिंग कॉइल गळणं. ती दिसत नाही. ब्लोअर थोडा वेळ बंद ठेवून व्हेंटमध्ये गळती हुंगणाऱ्या यंत्राची सोंड घालायची, ते किणकिणलं की समजायचं. ती गळते त्याचं कारणही घरगुती आहे: कॉइल ओली राहते, फिल्टर नसला किंवा फाटला की धूळ आणि पानांचा चुरा तिच्यावर बसतो आणि त्या चिखलात अ‍ॅल्युमिनियम कुजत जातं. उतरायच्या आधी दोन मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवला तर ती सुकते, वासही येत नाही. हिवाळ्यातही अधूनमधून एसी लावावा, म्हणजे तेल फिरून कंप्रेसरचं सील ओलं राहतं. हे दोन्ही फुकटचे उपाय असल्याने कोणत्याही पॅकेजमध्ये नाहीत. एकदा कॉइल गेली, की बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. स्टीअरिंग, तारांचे झुबके, स्क्रूंची वाटी, सगळं बाहेर. आपल्या गाडीचा उघडा सांगाडा बघून मालकाचा चेहरा असा होतो की उस्ताद त्याला आधीच घरी पाठवून देतात.

त्या दिवशी माझ्यानंतर एक टॅक्सीवाला आला होता. त्याची कॉइल गळते हे उस्तादांना ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. कॉइल आणि मजुरी मिळून सात-आठ हजार, शिवाय दोन दिवस गाडी उभी. गॅस भरला तर दीड हजार आणि तासाभरात पुन्हा रस्त्यावर. एसी लावला तर अ‍ॅव्हरेज पडतो, नाही लावला तर प्रवासी तारे कमी देतात, वर हप्ता आहेच. २०२५पासून नव्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झाला, ते फार बरं झालं; भट्टी झालेल्या केबिनमध्ये बसून माणसाने शेकडो किलोमीटर का चालवावं? पण त्या ट्रकांच्या कॉइलीही कुजणार आहेत आणि त्यांचे मालकही असाच हिशोब मांडणार आहेत.

मला वाटलं होतं उस्ताद त्याला माझ्यासारखंच सुनावतील. त्यांनी काही न बोलता नळ्या लावल्या. व्हॅक्यूम मात्र पुरता अर्धा तास मारला, सिलिंडर काट्यावर ठेवला, ग्रॅम मोजले, टोपणाची चकती बोटाने चाचपून ते घट्ट बसवलं.

"दिवाळीनंतर ये," ते त्याला म्हणाले. "तवा गर्दी नसते. कॉइल बदलून टाकू, मजुरीत पाहून घेऊ."

तो हो म्हणाला. पैसे मोजता मोजता उस्ताद माझ्याकडे वळून म्हणाले, "मागच्या सालीही हो म्हणला होता."

टॅक्सीवाला हसला. "दिवाळीत एसी कोणाले आठवते, उस्ताद?" म्हणाला आणि काचा वर करून निघून गेला.